आधी डॉक्टरांना टोचा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि समोरच्या तालमीचे वस्ताद आदरणीय तात्या बागवे, ज्यांना निरोप द्यायला आपण एवढे दाटीवाटीने बसलो आहोत ते आपले डॉक्टर हेमचंद्र नवलकर, सौभाग्यवती वहिनी, शालेय आरोग्य केंद्राच्या परिचारिका सुंदराबाई, आजपासून केंद्राचा भार उचलणारे नवे डॉक्टर, पालक बंधुभगिनींनो, माझे सहकारी शिक्षक, आणि खिडकीच्या गजांवर चढून बसलेल्या पाचवी ब च्या विद्यार्थ्यांनो... आधी खाली उतरा. सगळे उतरेपर्यंत मी पुढे बोलणार नाही.

हं. आता बरं दिसतं.

मी या शाळेची मुख्याध्यापिका. कमलाबाई वालावलकर हे माझं नाव पालकांना ठाऊक आहे, मुलांनी मला ठेवलेली नावं मला ठाऊक आहेत. भाषण करायची मला सवय नाही असं म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मी तसं म्हणणार नाही, कारण हा शिक्षकवर्ग तोंडावर रुमाल धरून हसेल. मात्र आज बोलणं जड जातंय हे खरं आहे. ज्यांच्याशी तीन वर्षं रोज भांडले, त्यांना चार लोकांत चांगलं म्हणायचं म्हणजे जिभेला वळण लावावं लागतं.

वर या पताका दिसताहेत ना? त्या मे महिन्यातल्या आहेत. आपलं महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा बांधल्या, शाळेला सुट्टी होती म्हणून उतरवायच्या राहिल्या. शिपाई विचारायला आला, "बाई, काढू का?" मी म्हटलं, राहू देत, डॉक्टरांच्या निरोपाला उपयोगी पडतील. डॉक्टर, तुमच्यासाठी नव्या आणल्या नाहीत याचा राग मानू नका. तुमच्यासाठी नवी शाल आहे. नारळ आहे. आणि शालीच्या पलीकडे फडक्याने झाकलेलं एक ताट आहे. त्या ताटाकडे डॉक्टर मघापासून पाच-सहा वेळा बघून चुकले आहेत. त्यात काय आहे ते मी शेवटी सांगेन. बसून राहा, डॉक्टर. दाराशी तात्यांचे दोन पठ्ठे उभे आहेत.

तर, डॉक्टर नवलकर आमच्याकडे आले ते गिरगावातून. गिरगाव ते परळ हे अंतर ट्रॅमने फार नाही, पण रीतीभातीने पुष्कळ आहे. आमच्या शाळेच्या मागच्या बाजूला एक खोली होती. तिथे गणपती मंडळाच्या देखाव्यातला एक कागदी राक्षस उभा असायचा, कारण त्याला ठेवायला दुसरीकडे उंच छत नव्हतं. महापालिकेने ठरवलं की या खोलीत आरोग्य केंद्र करायचं, आसपासच्या शाळांतल्या मुलांना इथेच तपासायचं. मंडळ म्हणालं, खोली घ्या, राक्षसाला हात लावू नका. मला वाटलं आता नवा डॉक्टर तक्रार करणार. डॉक्टर आले, त्यांनी राक्षसाला खालून वर पाहिलं, आणि आपला पांढराशुभ्र कोट त्याच्या शिंगाला अडकवून कामाला बसले. त्या दिवशी मी मनात म्हटलं, हा माणूस टिकेल.

टिकले, पण पहिले काही दिवस फार विनोदी गेले. डॉक्टरांची भाषा मऊ. ते मुलाला म्हणायचे, "बाळ, जरा जीभ दाखवतोस का?" आमच्या भोईवाड्यातल्या मुलांना जन्मात कुणी विनंती केली नव्हती. घरी दम, शाळेत छडी, रस्त्यावर शिव्या. विनंती ऐकून मुलं घाबरली. हा माणूस एवढं गोड बोलतोय म्हणजे आता नक्की काहीतरी कापणार. दुसरीतला एक वीर तर उलट्या पावली पळाला तो थेट गिरणीच्या फाटकापाशी आईला जाऊन चिकटला. आणि ज्यांनी जीभ दाखवली, त्यांना वाटलं की ही नवी पद्धत निघाली आहे. पुढचे पंधरा दिवस शिक्षक वर्गात शिरले की अख्खा वर्ग जीभ बाहेर काढायचा. मी विचारलं तर म्हणायची, "डॉक्टरांनी सांगितलंय, बाई." मी डॉक्टरांशी पहिलं भांडण केलं ते या जिभेवरून.

पण हळूहळू बसली घडी. फुटलेले कान, किडके दात, खरूज, उवा. डॉक्टर तपासायचे, सुंदराबाई टोचायच्या, धुवायच्या, ओरडायच्या. आम्ही समजत होतो की डॉक्टर मोठे, म्हणून सुईसारखं किरकोळ काम ते नर्सकडे सोपवतात. सुंदराबाईंनी सुई उचलली की डॉक्टर खिडकीबाहेर बघायचे, गंभीर चेहऱ्याने. आम्हाला वाटायचं, विचार करताहेत. श्रोतेहो, माणसाला जवळून ओळखायला वेळ लागतो म्हणतात ते काही खोटं नाही.

मग आली ती क्षयाची तपासणी. आपल्या भागात या आजाराचं नाव कुणी मोठ्याने घेत नाही. गिरणीच्या खात्यात कापसाची धूळ, घरी एका खोलीत आठ-दहा माणसं, आणि कुणी खोकायला लागलं की त्याला गावाला धाडायचं. गावचं पाणी मानवेल म्हणायचं. पुढे कुणी विचारायचं नाही. डॉक्टरांनी ठरवलं की प्रत्येक मुलाच्या हाताला परीक्षेची एक बारीक सुई द्यायची. तीन दिवसांनी हात बघायचा. काही उठलं नाही तर आजाराला अडवणारी लस टोचायची, आणि मोठी लाल गाठ उठली तर छातीचा फोटो काढायला पाठवायचं. इतकं साधं. डॉक्टरांनी पालकसभेत हे अगदी फळ्यावर चित्र काढून समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि दुसऱ्या दिवशी चाळीतलं एकही मूल रांगेला आलं नाही.

म्हणजे अगदीच कुणी आलं नाही असं नाही. रखमाबाई आल्या. उठा रखमाबाई, लाजू नका, तुम्ही आणि लाजणं! या पलीकडच्या चाळीतल्या, गिरणीत वाइंडिंगला, सूत गुंडाळायला आहेत. त्यांच्याबरोबर त्यांच्या चाळीतल्या सगळ्या बाया, सगळी पोरं. त्यांनी त्याआधीच्या वर्षी धम्माची दीक्षा घेतली होती. डॉक्टर आनंदाने समजावून सांगू लागले, तेव्हा रखमाबाईंनी हात वर केला. म्हणाल्या, "डाक्टर, ते समदं काल आयकलं. सुई उकळल्याली हाय का, तेवडं बोला." सुंदराबाई म्हणाल्या, उकळली आहे. "मंग टोचा. मालन, हात पुडं कर." झालं! माझ्या आयुष्यात मी एवढी लहान पालकसभा पाहिली नाही.

पण आमच्या कोकणातल्या चाळीचं काय? मी स्वतः वेंगुर्ल्याकडची, त्यामुळे मला ठाऊक होतं. आमच्याकडे घराला चुना लावायचा तरी देवाला विचारतात. आणि देवाला विचारणार कोण? तर गुणाजी घाडी. ते बघा, तिसऱ्या रांगेत, डोक्याला पांढरी टोपी, हाताची घडी. गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर, तीस वर्षं काढलेला माणूस, गावी देवळात गाऱ्हाणं घालण्याचा मान यांच्या घराण्याचा. इथे परळात देऊळ नाही तर नाही, खोलीत गावच्या देवाच्या नावाचा नारळ ठेवलेला. चाळीत लग्न ठरो, नोकरी लागो, कोर्टात तारीख असो, गुणाजी नारळाला ओल्या पाकळ्या चिकटवणार आणि कौल मागणार. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आणि एकदा कौल झाला की त्यावर अपील नाही.

गुणाजींची नात बकुळा तेव्हा तिसरीत होती. हुशार, आणि तोंडाळ. पण त्या हिवाळ्यात ती दोन जिने चढली की पायरीवर बसायची. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. वर्गात खोकला आला की ओढणीत... नाही, तेव्हा ती परकर नेसायची, परकराचा घोळ तोंडाशी धरायची. डॉक्टर मला म्हणाले, "बाई, बाकीच्या मुलांचं आज ना उद्या होईल. या मुलीचा हात मला या आठवड्यात हवा आहे." एवढा मऊ माणूस, पण हे वाक्य काही मऊ नव्हतं.

मी गुणाजींकडे निरोप धाडला. गुणाजींनी उलट निरोप धाडला की रविवारी सकाळी देवासमोर या, कौल लावू. मी गेले. चाळीच्या सज्जात ही गर्दी! आत खोलीत पाट, पाटावर नारळ, नारळाला दोन पाकळ्या. गुणाजींनी डोळे मिटून विचारलं, "पोरांनी सुई घ्यावची काय, म्हाराजा?" आणि नेमकी त्याच वेळी कुणीतरी खोलीची सज्जाकडची खिडकी उघडली. भस्सकन वारा आला. डावी पाकळी उडून माझ्या पदरावर.

मी म्हटलं, "गुणाजी, हा वाऱ्याने पडला कौल. खिडकी लावून पुन्हा लावा."

गुणाजी शांतपणे म्हणाले, "बाईनु, वारो कोणाचो? देवाचोच."

 

मी रागारागाने केंद्रात आले आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. म्हटलं, पोलिसात कळवा, महापालिकेला कळवा, काहीही करा. त्या दिवसांत संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने सगळ्यांची डोकी आधीच तापलेली, सरकारी माणसाने जरा आवाज चढवला तर चाळीतून भांडीकुंडी खाली येतील अशी परिस्थिती. डॉक्टर म्हणाले, "नको. मला गुणाजींशी बोलू दे." आणि ते गेले. मीही गेले, कारण डॉक्टर काय मऊ बोलून ठेवतील याचा नेम नव्हता.

डॉक्टरांनी चपला काढल्या, नारळाला नमस्कार केला आणि विचारलं, "गुणाजी, देवाला तुम्ही नेमकं काय विचारलंत?"

"सुई घ्यावची काय, असा इचारलंय."

"कुणी घ्यायची, ते विचारलंत?"

गुणाजी थबकले. ज्यांना गाऱ्हाणं ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. गाऱ्हाण्यात नाव घ्यावं लागतं, गाव घ्यावं लागतं, कोण, कुणासाठी, कशासाठी, सगळं बिनचूक सांगावं लागतं. देवाला मोघम बोललेलं चालत नाही. गुणाजींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काळजी दिसली. विद्यार्थी उत्तरपत्रिकेवर नाव घालायला विसरला की दिसते तशी.

डॉक्टर खूश. त्यांना वाटलं, आता गुणाजी बकुळाचं नाव घेऊन विचारणार, वारा पडलेला आहे, काम होणार. पण गुणाजी घाडी म्हणजे काही कच्चा माणूस नाही. त्यांनी नव्या पाकळ्या लावल्या, खिडकी स्वतः उठून बंद केली, डोळे मिटले आणि विचारलं, "म्हाराजा, ही सुई आधी डाक्तरान घ्यावची काय?"

उजवी पाकळी पटकन पडली. एवढी पटकन की जणू देव वाटच बघत होता.

सगळी चाळ "व्हय म्हाराजा!" म्हणून गरजली. आणि मी डॉक्टरांकडे पाहिलं. श्रोतेहो, तो रंग मी कधी विसरणार नाही. आपल्या शाळेच्या भिंतींना मागच्या दिवाळीत जो पिवळसर चुना लावला, तसे डॉक्टर दिसत होते. मला वाटलं उन्हाने असेल. परत येताना जिन्यावर ते माझ्या कानाशी म्हणाले, "बाई, एक अडचण आहे."

काय अडचण ती, ते आत्ता वहिनी तोंडाला पदर लावून हसताहेत त्यावरून हुशार श्रोत्यांच्या लक्षात आलं असेल. डॉक्टर नवलकर सुईला घाबरतात. म्हणजे थोडेथोडके नाही. कॉलेजात असताना दोनदा चक्कर येऊन पडले. म्हणून ते मुलांचे डॉक्टर झाले, म्हणून तपासणीचं काम घेतलं, म्हणून टोचायला सुंदराबाई. खिडकीबाहेर गंभीर चेहऱ्याने बघत होते ते विचारबिचार काही नव्हता! मी म्हटलं, "मग आता?" ते म्हणाले, "आता काय? देवाने सांगितलंय. आणि त्या मुलीचा हात मला हवा आहे."

कार्यक्रम इथेच झाला, या सभागृहात. एवढीच गर्दी. आम्हाला वाटलं होतं दहा-बारा माणसं येतील. पण परळात बातमी पसरली की देवाच्या हुकमाने डॉक्टरला टोचणार आहेत. गिरणीची पाळी सुटली ती थेट इथे आली. गुणाजी पुढे उभे राहिले आणि त्यांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या परळातल्या शाळेत, सगळ्या आवयेबापाशींनी एक होवन तुका गाऱ्हाणा घातलेला आसा, तां मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो जो गिरगावचो डाक्तर आसा, ह्येच्या सुयेक यश दी. कोणाची वायट नजर आसात, कोणी आडवो येत आसात, तर तेका बाजूक सार रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मीही म्हटलं. मुख्याध्यापिकेने म्हणावं की नाही हा प्रश्न नंतरचा. रखमाबाई पाठीमागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "गुणाजीमामा, तुमचं हू द्या सावकाश. आमच्या पोरांचं टोचून बी झालं, हात बी बगून झाला."

सुंदराबाईंनी डॉक्टरांची बाही वर केली. डॉक्टर इकडे बघेनात, तिकडे बघेनात, शेवटी छताकडे बघू लागले. सुंदराबाई हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, श्वास घ्या." डॉक्टरांनी श्वास घेतला, आणि सुई टेकते न टेकते तोच ते चक्कर येऊन कलंडले. अध्यक्ष महाराज, तुम्ही होतात म्हणून आमचे डॉक्टर त्या दिवशी फरशीवर आपटले नाहीत. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात समोरच्याला पाडण्यापलीकडे काही केलं नाही, त्या तात्या वस्तादांनी एकाला पडू दिलं नाही. अध्यक्षांनी डॉक्टरांना लहान मुलासारखं उचललं आणि बाकावर निजवलं. तात्या स्वतः पुढे टोचून घ्यायच्या वेळी दोन दिवस आजोळी गेले होते, ते मी इथे सांगणार नाही.

डॉक्टरांनी डोळे उघडले. पहिला प्रश्न केला, "टोचली का?"

सुंदराबाई म्हणाल्या, "टोचली."

"मग बकुळाला बोलवा."

 मला वाटलं संपलं सगळं. डॉक्टरच पडला म्हटल्यावर आता कोण आपलं पोर पुढे करणार? पण गुणाजी जागचे उठले. बाकाजवळ आले, डॉक्टरांच्या पायांपासून डोक्यापर्यंत बघत उभे राहिले. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "इतको भियाता आणि तरी घेतल्यान. ह्यो माणूस खोटा सांगुचो नाय." आणि त्यांनी नातीचा हात धरून पुढे आणला.

त्यानंतर पूर्ण चाळ रांगेत उभी राहिली. पोरांनी सुई टोचून घेताना "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" अशा घोषणा दिल्या, कारण त्या काळात आमच्या मुलांना दुसरं काही ओरडता येतच नव्हतं. रडायचं तरी "झालाच पाहिजे" म्हणून रडायची.

तीन दिवसांनी हात बघितले. बकुळाच्या हातावर गाठ होती. मोठी, लाल.

गुणाजी केंद्राच्या बाकावर येऊन बसले. मी त्यांच्यावर अजून मनातून चिडलेली होते, खिडकीच्या वाऱ्यावरून. मग ते म्हणाले, "बाईनु, माझी सून अशीच खोकत होती. गावाक धाडलंय तिका. ती परत येवक नाय. माका कळूकच नको होता." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस देवाला विचारत नव्हता. देवाने नाही म्हणावं म्हणून हात जोडत होता. मला रडू आलं, आणि मुख्याध्यापिकेला रडताना मुलांनी पाहू नये म्हणून मी राक्षसाच्या मागे जाऊन उभी राहिले. डॉक्टर गुणाजींच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "लवकर कळलं आहे, गुणाजी. लवकर कळलं की बरं होतं. फक्त तिला गावाला धाडू नका. इथेच ठेवा, रोज माझ्याकडे आणा."

छातीचा फोटो निघाला. एका बाजूला सुरुवात होती. मग औषधं, गोळ्या, दूध, आणि सुया. एक-दोन नव्हेत, महिनोन् महिने. आणि इथे मला डॉक्टरांविषयी जे सांगायचं आहे ते हे आहे. बकुळाला सुई देताना डॉक्टर खोलीबाहेर जाऊ शकत होते. गेले नाहीत. ते तिच्या शेजारी बसायचे, तिचा हात धरायचे, आणि दोघंही समोरच्या भिंतीवरच्या नकाशाकडे बघायची. तो आपला जुना मुंबई राज्याचा नकाशा. डॉक्टर विचारायचे, "मालवण कुठे?" बकुळा शोधायची. "वेंगुर्ले कुठे? सावंतवाडी?" सापडेपर्यंत सुंदराबाईंचं काम झालेलं असायचं. कोण कुणाला धीर देत होतं ते देवाला ठाऊक. काही वेळा बकुळाच डॉक्टरांना सांगायची, "झालं हां डॉक्टर, आता बघा." कोकण संपलं, मग घाटावर गेली, मग विदर्भात गेली. आमच्या शाळेत भूगोलात पहिली येणारी मुलगी ही अशी तयार झाली. भूगोलाच्या शिक्षकांनी श्रेय घेऊ नये.

पण एवढं फिरल्यावर मुलीला एक गोष्ट खटकली. तिने ऐकलेला महाराष्ट्र त्या नकाशावर नव्हताच. एके दिवशी तिने लाल पेन्सिल घेतली आणि स्वतःच हद्द काढली. मुंबईपासून सुरू केली ती थेट नागपूरपर्यंत नेली, खाली वळवून बेळगावही आत घेतलं. सरकारने जे यंदा केलं ते आमच्या तिसरीतल्या मुलीने दोन वर्षं आधी केलं होतं, आणि बेळगावसह केलं होतं!

नेमके दुसऱ्या आठवड्यात केंद्राच्या पाहणीला एक वरिष्ठ आले. सरकारी माणूस, कडक. नकाशासमोर उभे राहिले. "हे काय आहे?" डॉक्टर सरकारी नोकर. चळवळीशी संबंध दिसला तर नोकरीवर बेतणार. मी पुढे होऊन काही बोलणार तोच डॉक्टर म्हणाले, "लाल औषध सांडलं, साहेब." साहेब नकाशाकडे बघत राहिले. औषध मुंबईला सांडलं, नागपूरकडे वाहत गेलं आणि बेळगावला वळसा घालून परत आलं. साहेब म्हणाले, "तुमच्या औषधाला भूगोल चांगला येतो." मग इकडेतिकडे पाहून म्हणाले, "पुसू नका. डाग तसाच असू दे." साहेब धुळ्याचे होते, हे आम्हाला मागाहून कळलं.

आता तुम्ही विचाराल, मुलगी बरी झाली की नाही? गेल्या वर्षी बकुळाचा नवा फोटो निघाला. डॉक्टरांनी तो उजेडाला धरला, खाली ठेवला, चष्मा पुसला, परत धरला. गुणाजी समोर उभे. डॉक्टरांनी हसून होकाराची मान हलवली. गुणाजींनी तिथल्या तिथे टोपी काढून राक्षसाला नमस्कार केला. बिचाऱ्याला दुसरं काही समोर दिसलं नाही. मघाशी ज्या मुलीने डॉक्टरांना हार घातला आणि स्वागतगीतात सर्वांत मोठा आवाज लावला, तीच बकुळा. आता धावत तिसऱ्या मजल्यावर जाते आणि धावू नकोस म्हणून माझी ओरड खाते. मला तिला ओरडताना फार आनंद होतो.

डॉक्टर, तुम्ही या सोमवारी मोंबासाच्या बोटीने मुलाकडे जाणार. तुम्ही सुखाने जावं, नातवंडांत रमावं, असं आम्ही म्हणायला हवं, आणि म्हणतोही. पण तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं, आणि हेही मी इथेच बोलून टाकते. उद्यापासून मी कुणाशी भांडू? नवे डॉक्टर फारच समंजस दिसतात.

आता त्या ताटाविषयी. बोटीवर चढायचं तर कॉलऱ्याची सुई घेतल्याचा दाखला लागतो. वहिनींनी मला सांगितलं की डॉक्टर गेला महिनाभर "उद्या, उद्या" करताहेत. एकदा दवाखान्याच्या पायरीवरून परत आले, एकदा ट्रॅम चुकली म्हणाले, एकदा म्हणे सुट्टी होती. हसू नका कुणी. वहिनी माझ्याकडे आल्या, मी सुंदराबाईंकडे गेले, सुंदराबाईंनी आज सकाळीच सुई उकळली, तीच त्या फडक्याखाली आहे. दाखल्यावर सही करायला नवे डॉक्टर आहेतच. तात्या, तुम्ही जरा डॉक्टरांच्या मागे येऊन उभे राहा, आपली ती पहिल्यासारखी तयारी असू दे. आणि शिपायाने तो जुना नकाशा इथे समोर टांगला आहे, तो काही सभागृहाच्या सजावटीसाठी नाही.

गुणाजी, गाऱ्हाणं तयार ठेवा. नाव नीट घ्या हं, हेमचंद्र नवलकर, गिरगावचे. रखमाबाई, तुम्हाला थांबायचं नसेल तर नका थांबू... थांबता म्हणताय? बरं.

ज्यांनी केंद्राला खोली दिली त्या मंडळाचे, ज्यांनी खुर्च्या दिल्या त्या तालमीचे, नारळ-शाल आणणाऱ्या पालकांचे आणि राक्षसाचे मी शाळेच्या वतीने आभार मानते. माझ्या बोलण्यात कुणाला लागलं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचं नको ते सांगून झालं असेल, तर मोठ्यांनी पोटात घालावं आणि लहानांनी ते घरी जाऊन सांगू नये. डॉक्टर, सर्वांदेखत तुमची फजिती केली याबद्दल तुमची विशेष माफी मागते. फजिती अजून पूर्ण व्हायची आहे.

बकुळा, ये वर. इकडे बस, डॉक्टरांच्या शेजारी. धर त्यांचा हात. डॉक्टर, सुईकडे नाही, नकाशाकडे बघा.

हं, बकुळा, विचार त्यांना. वेंगुर्ले कुठे?